शुक्रवारची गोळी

पेत्रोवुनी,
१८ एप्रिल १९९८, ईस्टरची आदली सकाळ

चि. कालिरोईस अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. दोन शेळ्या व्यायल्या. अक्षर माझं नाही हे तू ओळखलंच असशील. सूनबाई एव्दोकिया लिहितेय, त्यामुळे आज तिच्या कागाळ्या नाहीत. तुझी तेवढी करमणूक बुडाली.

माझे हात बरे आहेत.

(हिने पेनच खाली ठेवलं! "आई, हे मी लिहिणार नाही," म्हणते. आगाऊ कुठली.)

बरं, लिही बाई. हात बरे नाहीत.

दर रविवारी तू फोनवर विचारतेस, "ताई, शुक्रवारची गोळी घेतलीस ना?" आणि मी "घेतली गं" म्हणून मोकळी होते. सात शुक्रवार झाले, एकही घेतली नाही.

गेल्या वर्षी ईस्टरआधीच्या मोठ्या उपासात माझे सांधे मोकळे झाले होते, आठवतं? मांस नाही, चीज नाही, अंडं नाही. मला वाटलं, उपासानेच गुण आला. मग यंदा संधिवाताला औषध हवंच कशाला? तेव्हा गोळ्याही चालू होत्या, हे मी सोयीने विसरले. डॉक्टर म्हणाले होते, मासे आणि ऑलिव्हचं तेल खात जा, थोडाफार आराम पडेल, पण गोळी सोडू नका. मी उपासापायी मासे सोडले, तेल सोडलं, आणि वर गोळीही. पाद्रीबाबा म्हणालेसुद्धा, "पोलिक्सेनी, आजाऱ्याला उपास माफ असतो." मला असा राग आला! मी काय आजारी आहे?

तीन आठवडे बरं गेलं. मग मनगटं सुजली. आता माझी बटणं एव्दोकिया लावते.

आज पहाटे उद्याच्या प्रार्थनेचा पाव करायला घेतला. तीस वर्षं मीच करते. आईचा लाकडी शिक्का कणकेवर दाबला, सगळा भार टाकला, तरी क्रूस अर्धाच उमटला. एव्दोकियाने कणीक पुन्हा मळली, माझ्या हातावर हात ठेवून शिक्का दाबला. बोलली असती तर मी भांडले तरी असते. मी रडले.

आईची बोटं शेवटी कशी वळली होती, आठव. आपण तिला चमच्याने भरवायचो. मला त्याची फार भीती वाटते गं.

उद्या तुझा फोन आला की मी पुन्हा "घेतली" म्हणेन. माझा माझ्यावर भरवसा नाही, म्हणून हे पत्र. येत्या शुक्रवारी पहिल्या बसने येते. डॉक्टरांची वेळ घेऊन ठेव. रागाव हवं तेवढं, पण सुनेसमोर नको.

खाली नाव मात्र मी स्वतः लिहितेय.

तुझी ताई,
पोलि

मावशी, पुढची अक्षरं त्यांना जमली नाहीत. मीही पुरी केली नाहीत, तुम्ही बघावं म्हणून. शुक्रवारच्या आधीची वेळ मिळते का बघा.
— एव्दोकिया