गोष्टच असू द्या

बाई, दुपारचा बार आत्ताच उडाला. टेकडीपलीकडच्या दगडखाणीत सुरुंग लावला की आधी पायाखालची फरशी हलते आणि आवाज मागून येतो. मांडणीवरची भांडी किणकिणली, आईने सवयीने भाताच्या पातेल्यावरचं झाकण दाबून धरलं आणि मग सोडलं. खाण सुरू झाल्यापासून हे रोजचंच आहे, त्याला आता कुणी घाबरत नाही. मला भीती वाटते ती नंतरच्या शांततेची. त्या शांततेत रस्त्यावर एखादी गाडी थांबली की मी उठते आणि पडद्याआडून बघते. पन्नाशीला आलेली, चौक गावच्या शाळेत शिकवणारी बाई मी, आणि स्वतःच्याच घरात अशी लपून बघते. हे कुणाला सांगावं याचा विचार करताना तुमच्याशिवाय दुसरं कुणी डोळ्यांसमोर आलं नाही.

तुम्ही मोहोपाड्याहून यायचात, मी माझ्या गावाहून चालत चौकच्या नाक्यावर, आणि तिथून एकाच एसटीने आपण कर्जतला. कॉलेजात तुम्ही इंग्रजी शिकवायचात, पण मला खरं शिकवलंत ते त्या एसटीत. तुमचा भाऊ मालवाहू जहाजावर नोकरीला होता. त्याच्या जोडीच्या एका फिलिपिनो खलाशाने त्याला आपल्या देशातल्या कथांचा जाडजूड इंग्रजी संग्रह भेट दिला होता, आणि भावाला वाचनाचा कंटाळा म्हणून तो तुमच्याकडे आला. तुम्ही त्याला शाळेच्या पुस्तकासारखं खाकी कव्हर घातलं होतं. मांडीवर पर्स, पर्सवर पुस्तक, आणि गाडी खड्ड्यातून गेली की तुम्ही ओळीवर बोट घट्ट ठेवायचात. एक परिच्छेद इंग्रजीत वाचायचा आणि लगेच आपल्या भाषेत सांगायचा. मागच्या बाकावरच्या भाजीवाल्या बायकासुद्धा ऐकायच्या.

अमेरिकनांनी त्या बेटांवर शाळा काढल्या आणि इंग्रजी नेली, हे मला तुमच्याकडून कळलं. पहिल्यापहिल्यांदा तिथली शिकलेली मुलं त्या नव्या भाषेत चांदणं, फुलं आणि प्रेमभंगाने झुरणाऱ्या नायिका लिहीत होती, असं तुम्ही सांगायचात. मग त्यांच्यातल्याच काहींना दिसलं की आपल्या गोष्टींत आपलं गावच नाही. तेव्हा त्यांनी चिखल लिहिला, नांगराचा रेडा लिहिला, झावळ्यांची घरं आणि जमीनदाराच्या मुकादमापुढे उभं असलेलं कूळ लिहिलं. एक गोष्ट भात झोडायच्या दिवसाची होती. मुकादम माप घेऊन बसलाय, कुळाची बायको नुसती त्या मापाकडे बघत राहते, आणि शेवटी घरी येऊन चूल पेटवते. संपलं. मी विचारलं, पुढे काय होतं? तुम्ही पुस्तक मिटून खिडकीबाहेर बघत होतात. बाहेरही खाचरं होती, म्हशी होत्या. पुढे रोजचंच, म्हणालात, म्हणूनच लिहिणारीने पुढचं सोडून दिलं आणि वाचणाऱ्याला मात्र सुटका ठेवली नाही. तिथे कथा आधी सुंदर हवी की आधी गरिबाच्या बाजूची हवी, यावर लेखकांची जोरात भांडणं झाली. नंतरच्या काळातली तरुण पोरं तर इंग्रजी सोडून आपल्या तागालोग भाषेत नाल्याकाठच्या झोपड्या आणि कारखान्यांचे संप लिहायला लागली. मग लष्करी कायदा आला, आणि लिहिणाऱ्यांपैकी कित्येकांना तुरुंगात टाकलं. हे सांगताना तुमचा आवाज उतरायचा. मला त्या वयात तुरुंग म्हणजे काहीतरी थोर वाटायचं.

मी लिहिलेली पहिली कथा तुम्हाला दाखवली तो दिवस मला दिसतो. नायिका बाल्कनीत उभी राहून समुद्राकडे बघते, असं काहीतरी होतं. तुम्ही ती शांतपणे वाचली आणि विचारलंत, तुमच्या घराला बाल्कनी आहे का? मी नाही म्हटलं. समुद्र किती वेळा पाहिलास? मी वहीसाठी हात पुढे केला. मग तुम्ही जे बोललात ते मी अजून विसरलेले नाही: "तुझी आई पहाटे उठून काय करते ते लिही. ते लिहायची लाज वाटत असेल तर लिहूच नकोस." मी कर्जतपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसले होते.

आणि तो रविवार. मोहोपाड्याच्या कॉलनीतलं तुमचं कंपनीचं क्वार्टर, खालच्या मजल्यावरचं. तुमच्या स्वयंपाकघरात आपण दोघी पाटावर बसून भिजवलेले वाल सोलतोय. तुम्ही हात पुसता आणि म्हणता, ऐक, मी एक लिहिलंय. तुमचे यजमान शेजारच्याच एका कारखान्यात पाळीवर सुपरवायझर होते. तिथे टाकी धुवायला आत उतरलेला ठेकेदाराचा एक माणूस गुदमरून गेला होता आणि बाहेर मात्र हृदयविकार म्हणून सांगितलं गेलं होतं. तुम्ही तेच लिहिलं होतं. आरडाओरडा नाही, कुणाला दोष नाही. फक्त टाकीच्या कठड्यावर त्याचा जेवणाचा डबा राहतो आणि पाळी सुटल्यावर प्रत्येक जण त्याला वळसा घालून जातो. तुमचं वाचून झालं तेव्हा यजमान दारात उभे होते. ते कधी आले ते आपल्याला कळलंच नव्हतं. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "मग राहायचं कुठे, तेही लिहून ठेव."

पुढे बऱ्याच दिवसांनी एसटीत मी त्या कथेबद्दल विचारलं. तुम्ही म्हणालात, पाण्याच्या बंबात घातली. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "भीती वाटली गं," तुम्ही म्हणालात. "ती माणसं तुरुंगात गेली तरी लिहीत होती. मला मुलाची शाळा दिसत होती, हे क्वार्टर दिसत होतं. भीती वाटली, दुसरं काही नाही." आणि त्याच दिवशी वर्गात तुम्ही त्या भात झोडणाऱ्या बाईचीच गोष्ट शिकवलीत. फळ्याकडे पाठ करून उभ्या होतात आणि पुस्तक दोन्ही हातांनी धरलं होतंत. मला तुमचा राग आला होता, बाई. इतकी वर्षं तो थोडा थोडा राहिला होता.

आता माझं ऐका. गेल्या पावसाळ्यात पायथ्याच्या वाडीतली एक म्हातारी घराच्या भिंतीखाली सापडून गेली. भिंतीला खाणीच्या हादऱ्यांनी कधीपासून भेगा होत्या. ती पडली तेव्हा पाऊस उघडलेला होता, ऊन होतं, दुपारचा बार नुकताच उडाला होता. तरी पंचनाम्यात पावसाने पडली असंच आलं. मी त्या वाडीत जाऊन येऊन असते, तिच्या सुनेची मुलं माझ्या शाळेत आहेत. मी कथा लिहिली. गावाचं नाव नाही, खाणवाल्याचं नाव नाही, म्हातारीचंही नाव बदललेलं. तुम्ही शिकवलं तसंच लिहिलं. भिंत पडते, आणि सून मातीतून आधी पाण्याची कळशी बाहेर काढते, कारण हाताला तीच लागते. एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी ती घेतली.

अंक यायच्या आधीच खाणवाले एकटेच आमच्याकडे आले. बातमी कशी पोचली देव जाणे. आमच्याच भागातले आहेत, देवळाला कमान त्यांनीच दिलीय, आई त्यांना मुलासारखं बोलवते. चपला बाहेर काढून आत आले, आईच्या पाया पडले, चहा घेतला. माझा धाकटा भाऊ त्यांच्याच खाणीवर टेंपोने खडी वाहतो, तो दाराशी उभाच राहिला, बसला नाही. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ते माझ्याकडे वळले.

"मॅडम, तुमी छान लिवता म्हनं. गोष्ट हाय ना ती?"

मी हो म्हटलं.

"मंग गोष्टच असू द्या. खाली एक ओळ छापायला सांगा, हे सगळं काल्पनिक हाय म्हनून. एवढंच. आमी काय दुसरं मागतो?" मग भावाकडे बघून हसले. "टेंपो बरा चाललाय ना रं?"

एवढं बोलून ते गेले. कुठेही आवाज चढला नाही. पण मी उठून दाराला कडी घातली. भाऊ म्हणाला, "ताई, एक ओळ तर हाय. छाप ना." त्याचं काही चुकत नव्हतं. कथा म्हणजे रचलेलीच असते. त्या कळशीची गोष्ट माझीच, खरी कळशी कुणी पाहिली? पण ती ओळ घातली की भिंतही काल्पनिक होणार होती, आणि म्हातारीसुद्धा. त्या बेटांवरच्या लेखकांचं सगळं भांडण या एका ओळीवर येऊन बसलंय असं मला वाटत होतं. शाळेत जाताना मी रस्ता बदलायला लागले. मागून मोटरसायकल आली की बाजूला होऊन थांबायचे.

शेवटी मी वाडीत गेले आणि अंगणात बसून सुनेला कथा वाचून दाखवली. ती निवडता निवडता ऐकत होती. सुपातले तांदूळ तसेच राहिले. मला वाटलं, तिला दुखावलं मी.

"नाव कशाला बदाललं गं?" ती म्हणाली. "तिला काय नाव नव्हतं?"

मी सांगितलं, अशाने त्रास होईल, तुम्हालाही होईल. ती म्हणाली, "आजून काय व्हायचं ऱ्हायलं?" मग तिने सूप बाजूला सारलं आणि म्हातारीचं नाव मला दोनदा ऐकवलं, मला ते ठाऊक नसल्यासारखं.

तिथून मी चालत चौकला आले आणि संपादकांना फोन केला. ती ओळ घालू नका, म्हटलं. आवाज इतका बारीक निघाला की त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. म्हातारीचं नाव घाला असं मात्र मला म्हणता आलं नाही. जीभ तिथवर गेली आणि परत आली.

अंक निघाला. भावाला खडीच्या ट्रिपा मिळायच्या बंद झाल्या. कारण कुणी सांगितलं नाही, गेटवर फक्त उद्या बघू म्हणतात. तो आता चौकच्या एका गॅरेजात जातो आणि माझ्याशी कामापुरतं बोलतो. वाडीतल्या लोकांनी खालापूरच्या तहसील कचेरीत खाणीविरुद्ध अर्ज दिला तेव्हा सुनेने त्याला माझी कथा जोडली होती. साहेबांनी ती काढून तिच्या हातात परत दिली, गोष्ट कशाला जोडता म्हणून. कचेरीला ती गोष्ट वाटते आणि खाणवाल्यांना पुरावा. परवा नाक्यावर त्यांनी गाडी हळू केली, काच खाली घेतली, मला हात जोडून नमस्कार केला आणि गेले. त्या नमस्काराने मला अजून झोप नाही. बार रोज उडतोय. वाडीतल्या आणखी दोन घरांना भेगा आहेत. अर्ज आत घेतलाय, एवढंच.

दहिवलीला तुम्ही शेवटपर्यंत जिथे राहत होतात, तिथे आता दुसरं बिऱ्हाड आहे. हे पत्र मी कुठेच टाकणार नाही. मला वाटलं होतं, लिहून झालं की धीर येईल. तो आलेला नाही. पण एक सांगते, बाई. त्या तुरुंगात गेलेल्या थोर माणसांपैकी कुणाला मला हे लिहिता आलं नसतं. तुम्ही घाबरला होतात, म्हणून तुम्हाला लिहिलं.