पूर्वेकडचा जिना आणि माझी तीनशे बारा पुस्तकं

लिहून ठेवणार: प्रमोदिनी तुकाराम पतंगे, वय सत्तर, निवृत्त नकाशाकार, राहणार पहिला मजला, पाचवा मेन रोड, चामराजपेट, बेंगळुरू.

हे मृत्युपत्र मी राजीखुशीने, पूर्ण शुद्धीत आणि कोणीही कान न भरता लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला शेजारच्या डॉक्टर भाग्यलक्ष्मी यांनी दिला आहे. त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितलं, आणि मधे त्याच चुकल्या तेव्हा मी त्यांना थांबवलं. नजर थोडी अधू आहे. कान चांगले आहेत. राग होता तसाच आहे.

२००९ साली केलेलं माझं मृत्युपत्र रद्द समजावं. शरच्चंद्र हर्डीकर सरांच्या वास्तुकलेवरच्या ग्रंथाचे तिन्ही खंड माझ्याबरोबर चितेवर ठेवावेत, असं कलम त्यात होतं. आता तसं करू नये. का, ते पुढे येईल.

कलम पहिले. चामराजपेटचं हे घर माझ्या कमाईचं असून माझ्यामागे ते माझा भाचा चंदन याला मिळावं. बँकेत जे असेल तेही त्याचंच, पण त्याने हुरळून जाऊ नये. पगार झाला की मी पुस्तकं घेत असे. अट एकच. पुढच्या खोलीतली पुस्तकं कलम चौथ्याप्रमाणे जाईपर्यंत तिथे टीव्ही लागता कामा नये. चंदन, "आत्या, सगळं स्कॅन करून टाकू, जागा मोकळी होईल" असं तू म्हणाला होतास. मी विसरलेले नाही. तरी घर तुलाच देते आहे, काय ते समज.

कलम दुसरे. माझं नकाशे काढायचं टेबल चंदनने विकू नये, मोडू नये, त्यावर इस्त्री करू नये. ते मुळात माझ्या अप्पांचं कापड बेतायचं टेबल. आम्ही भावसार, शिवणकाम घरचा धंदा. माप घ्यायला मी या टेबलापाशी शिकले. अप्पांना गिऱ्हाइकांच्या छाती-कंबरा तोंडपाठ असत, आणि तीच खोड मला लागली. खडूची फुली मारायची ती कापडाच्या उलट्या बाजूला, असं त्यांनी मला शिकवलं; सुलटी बाजू गिऱ्हाइकाची, तिला डाग लागता कामा नये. या फुलीचं पुढे काम आहे. वाचणाऱ्याने ती ध्यानात ठेवावी.

१९७९ साली, चोविसाव्या वर्षी, मी हर्डीकर सरांच्या कार्यालयात लागले. सर तेव्हा देशभरातल्या जुन्या बांधकामांवर त्रिखंडी ग्रंथ लिहीत होते: देवळं, वेशी, किल्ले, विहिरी, सगळं. त्या ग्रंथात माझ्या हातचे एकशे चाळीस नकाशे आहेत. पहिला नकाशा दोड्डकट्टे इथल्या कल्याणीचा, म्हणजे पायऱ्यांच्या दगडी तलावाचा. शहराबाहेर, बोम्मसंद्राच्या अलीकडे, तेव्हा सगळी नाचणीची शेतं होती. कल्याणीच्या पूर्वेच्या काठावरून एक अरुंद जिना खाली उतरत असे, अठ्ठावीस पायऱ्यांचा. एप्रिलातल्या चार सकाळी मी तो मोजला. उतरताना ऊन मागून यायचं आणि पाठ भाजून निघायची.

१९८१ साली ग्रंथ छापून आला. पान दोनशे चौदा उघडलं तर जिना पश्चिमेला! अख्खा नकाशा आरशात दिसावा तसा उलटा छापलेला. आकडे आणि उत्तरेचा बाण वेगळ्या कागदावरून छापत, म्हणून ते तेवढे सुलटे होते आणि कोणाच्या लक्षात काही आलं नाही. मी तशीच सरांकडे गेले. सर म्हणाले, "पतंगे, छापलंय ते तपासूनच छापलंय. हात तुमचाच आहे. तुम्हालाच दिशा कळली नसेल." माझी मोजणीची वही कार्यालयाच्या हलवाहलवीत गहाळ झाली होती, त्यामुळे दाखवायला हातात काही नव्हतं; जागेवर चला म्हटलं, तर सर आले नाहीत. प्रस्तावनेत जीपच्या ड्रायव्हरचंही नाव होतं. माझ्याबद्दल "कार्यालयातील सहकारी" एवढंच. त्याच आठवड्यात मी नोकरी सोडली.

१९८४ साली कल्याणी राडारोडा टाकून बुजवली आणि तिच्यावर ट्रक उभे राहू लागले. आता खरंखोटं करायला दगडही उरले नाहीत, उरलं ते पान दोनशे चौदा. ग्रंथाच्या पाच आवृत्त्या निघाल्या आणि पाचांतही जिना पश्चिमेलाच. त्यावरून दुसऱ्या नऊ लेखकांनी तो उचलला. ती नऊच्या नऊ पुस्तकं माझ्या कपाटात आहेत आणि प्रत्येकात मी लाल शाईने जिना पूर्वेला नेला आहे. शहरातल्या अकरा वाचनालयांतल्या प्रतींवरही तशाच लाल खुणा सापडतील. त्या मीच केल्या. दंड असल्यास चंदनने भरावा.

कलम तिसरे. माझा शंभर फुटी कापडी टेप मुकादम नागराज यांना द्यावा. तो त्यांनी कमावला आहे.

२०२३ साली नागरिकांच्या एका समितीला ती कल्याणी शोधायला तीन आठवड्यांची परवानगी मिळाली. त्या मुदतीत जिना सापडला नाही तर वर काँक्रीट पडून ट्रकतळ कायमचा होणार होता. त्यांनी आधाराला काय घ्यावं? पान दोनशे चौदा! पश्चिमेला अठरा दिवस खणलं आणि मातीशिवाय काही हाती लागलं नाही. पुस्तकातला जिना काल्पनिक असावा, असं पेपरात आलं. चंदनने ते मला चहा पिताना वाचून दाखवलं. कप मी तसाच ठेवला, टेप पिशवीत टाकला आणि बस धरली.

तिथे कावेरी नावाची इंजिनिअर काम बघत होती. मी म्हटलं, "इकडे काय उकरताय? जिना पूर्वेला आहे."

"अज्जी, ड्रॉइंगमध्ये वेस्टला दाखवलाय," ती म्हणाली.

"ते ड्रॉइंग मी काढलंय, बाळ. माझी पाठ भाजलीय त्या जिन्यावर."

समितीचे लोक हसले. कावेरी हसली नाही. पाठ कशी भाजली, किती वाजता, कोणत्या महिन्यात, हे तिने मला बसवून विचारलं. मग ती समितीला म्हणाली, "सर, दोनच दिवस उरलेत. पश्चिमेला काय मिळालं आपल्याला?" मुकादम नागराजनी होकार देत फावडं उचललं. "सरी. अज्जी, स्वल्प दाखवा, आम्ही खणतो."

ईशान्य कोपऱ्याचा दगड वर दिसत होता. तिथून एकतीस फूट चार इंच. आकडा मला पाठ होता. टेपचं एक टोक नागराजनी धरलं, दुसरं मी. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास पहार दगडावर वाजली. एक पायरी, दोन, पाच. "अज्जी, बन्नी, बन्नी!" नागराज मला या, या म्हणून बोलावत होते, आणि मी टेपवरचा आकडा पुन्हा वाचून बघत होते. संध्याकाळपर्यंत सगळ्या अठ्ठावीस पायऱ्या उघड्या पडल्या. त्याच्या दुसऱ्या सकाळी कावेरीचा हात धरून मी खाली उतरले. चव्वेचाळीस वर्षांनी तीच पाठ पुन्हा भाजली. शेवटच्या पायरीवर बसून मी मोठमोठ्याने रडले. मला त्याची लाज वाटत नाही.

दुपारी हर्डीकर सर काठी टेकत आले. काठावर उभे राहून त्यांनी खाली पाहिलं. मग म्हणाले, "पतंगे, मी चुकलो."

मी म्हटलं, "सर, जरा मोठ्याने. माणसं लांब उभी आहेत."

ते पुन्हा बोलले, मोठ्याने. ते वाक्य जसंच्या तसं आठवत मी त्या रात्री दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

ट्रकतळ बारगळला. कल्याणीत आता पाणी आहे आणि कारखान्यांतली माणसं डबा घेऊन माझ्या जिन्यावर बसतात. या वर्षी सहावी आवृत्ती निघाली. पान दोनशे चौदा सुलटं आहे, आणि एकशे चाळीस नकाशांखाली एकशे चाळीस वेळा छापलं आहे: मोजणी व आरेखन, प्रमोदिनी पतंगे. मी सगळे मोजले. एकही गाळलेला नाही.

कलम चौथे. माझी तीनशे बारा वास्तुकलेची पुस्तकं, त्यात हर्डीकर सरांच्या ग्रंथाच्या सहाही आवृत्त्या, कावेरी शिवाप्पा हिला द्यावीत. ती म्हणेल, घरात जागा नाही. तिचं ऐकू नये. कावेरी, पुस्तकांवर विश्वास ठेव, पण जागेवर जाऊन उभी राहा. छापलेलं चुकीचं वाटलं तर लाल शाई वापर. बाटली कपाटात खालच्या कप्प्यात आहे.

कलम पाचवे, रागाबद्दल. इथवर लिहून सही करता आली असती तर बरं झालं असतं.

सहाव्या आवृत्तीबरोबर सरांनी माझे मूळ नकाशे परत पाठवले. कल्याणीचा नकाशा मी उजेडात धरला. मागच्या बाजूला, कोपऱ्यात, पेन्सिलची एक बारीक फुली. माझी. कार्यालयाचा नियम असा की फुली सुलट्या बाजूला मारायची आणि प्रेसने फुलीची बाजू वर ठेवून छापायचं. पारदर्शक कागद, दोन्हीकडून सारखाच दिसतो. तो माझा पहिलाच नकाशा, आणि शिंप्याच्या पोरीने फुली मारली ती अप्पांनी शिकवल्याप्रमाणे, उलट्या बाजूला. नियम मला दुसऱ्या नकाशाला समजला. पहिल्याचं काय झालं असेल, हे डोक्यातही आलं नाही.

म्हणजे चव्वेचाळीस वर्षं ज्या चुकीसाठी मी सरांच्या नावाने बोटं मोडली, तिची सुरुवात माझ्या हातून झाली होती. हे कळल्यावर चार महिने मी मूग गिळून बसले. जिंकलेलं भांडण हातचं सोडवत नव्हतं. पण नकाशा खोटा असलेला मला कधी चालला नाही, मग मृत्युपत्र तरी खोटं कसं चालेल? जिना पूर्वेलाच होता आणि ते मीच सांगत होते, यातलं काडीभरही मी मागे घेत नाही. फुलीबद्दल सरांची माफी मागते. एकदाच. पुन्हा विचारू नये.

साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, असं वकिलांनी सांगितलं. दुसऱ्या साक्षीदाराने मात्र हे सगळं वाचूनच सही करावी अशी माझी इच्छा आहे.

कलम सहावे. मला नेताना अंगावर जे कापड घालाल, त्याच्या उलट्या बाजूला खडूची एक फुली मारावी. अप्पांना ओळख पटेल.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी चंदनने करावी.

स्थळ: चामराजपेट, बेंगळुरू. दिनांक: २२ नोव्हेंबर २०२५.
(सही) प्रमोदिनी तुकाराम पतंगे

आमच्या डोळ्यांदेखत सही झाली, म्हणून आम्ही सह्या करतो.

साक्षीदार पहिली: (सही) डॉ. भाग्यलक्ष्मी, चामराजपेट. वजाबाकीबद्दल लिहिलेलं खरं आहे.

साक्षीदार दुसरा: (सही) शरच्चंद्र विनायक हर्डीकर, वय नव्वद, राजाजीनगर. सगळं वाचलं. ती फुली १९८१ सालीच माझ्यासमोर आली होती. एवढी एकच फुली वेगळ्या कोपऱ्यात दिसते, बाजू नक्की हीच ना, असं प्रेसच्या माणसाने मला विचारलं होतं. पतंगे दहा पावलांवर बसल्या होत्या. त्यांना हाक मारायची सोडून मी "फुली वर" म्हणून मोकळा झालो. चूक माझीच. माफी घेत नाही, परत करतो.

ताजा कलम: वरचा मजकूर साक्षीदाराने मला न विचारता लिहिला आहे. याही वेळी विचारलं नाही. तरी तो खोडू नये.
(सही) प्र. तु. पतंगे