सरदाराचा पेला

तीर्थरूप एटेलाअक्का,

धाकट्या व्हेंडेलीनचा नमस्कार. गुडघा कसा आहे? (कोबीची पानं बांधतेस ना?) माझी तब्येत ठणठणीत, डोकं तेवढं रविवारपासून तापलंय.

तू रजेवर होतीस म्हणून सांगतो. तुमच्या संग्रहालयात होर्निका गडावरच्या भांड्यांचं प्रदर्शन उघडलं. बावीस वर्षं त्या गडाचे तुकडे मी जोडतोय. पण कार्डावर नाव कुणाचं? डॉक्टर होरेत्स्कीचं! (या माणसाने जन्मात कुंभाराच्या चाकाला हात लावलेला नाही.) तर हा गृहस्थ मधल्या कपाटातलं भांडं दाखवून महापौरांना म्हणतो, "हा सरदाराचा पेला. हा कान धरून यातून वाइन प्यायची."

अक्का, ते भट्टीतलं भांडं गं! थंडीत दालन तापवायच्या भट्टीच्या अंगात अशी भांडी तोंडं बाहेर करून लिंपायचे. अंगाला अजून लिंपणाची माती आहे, बुडाला बाहेरून काजळी आहे. आपल्या बाबांनीच मला हे शिकवलं, आणि त्यांना आजोबांनी. मी सगळ्यांदेखत ओरडलो, "डॉक्टर, पेला बाहेरून करपायला तुमचा सरदार काय निखारे प्यायचा?" महापौरांची बायको फिस्सकन हसली. आणि तो काय म्हणाला असेल? "काका, तुम्ही तुकडे चिकटवा. विचार आम्ही करतो."

बावीस वर्षं! मी एप्रन काढला, त्याच्या खांद्यावर टाकला आणि पाहुण्यांसाठी मांडलेल्या खसखशीच्या गोड गुंडाळ्यांना हातसुद्धा न लावता घरी आलो. त्याच दुपारी राजधानीत विद्यापीठाला चार पानी तक्रार लिहिली. काल उत्तर आलं : येत्या गुरुवारी तिथल्या प्राध्यापक बाई भिंग घेऊन ते भांडं तपासायला येताहेत. आता बघू कोण विचार करतो आणि कोण चिकटवतो!

भाऊजींना नमस्कार.

तुझा,
व्हेंडेलीन

ता. क. बाई फार कडक आहेत म्हणे. सांधा न् सांधा बघतात.

दुसरा ता. क. त्या भांड्याला जो कान आहे ना, तो त्याचा नाही. एकाच पिशवीत निघाला, छान बसला, म्हणून मीच वसंतात चिकटवला. माती नि काजळी नंतर दिसली, तोवर फोटो छापून झाले होते. कपाटाची किल्ली तुझ्याकडेच असते. बुधवारी पुसायला जाशील तेव्हा नेलपॉलिश पुसायचं पाणी कापसावर घेऊन सांध्याला लाव, दहा मिनिटं थांब, आणि हलकेच पीळ. कान खिशात घाल. आणि हे पत्र चुलीत.