पाया झाकायच्या आधी

बाबा,

काल लेकीला तुमच्या शाळेत बसवून आले. तुमची म्हणते, कारण गावात अजून तिला तसंच म्हणतात, आणि मला ते अजून टोचतं. माझ्या सासरच्या गावी मुलींचा वर्ग नाही, म्हणून पोरीला माझ्या मामाकडे ठेवली. जाताना-येताना गाडीच्या हादऱ्यांनी अंग आंबून गेलं आहे. आज सकाळपासून कशातच मन नाही. भाकरी थापताना हात थांबत होते. आता घर जरा निवांत आहे म्हणून लिहायला बसले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायचा तर आधी तुमचं दारातलं खाकरणं आठवावं लागतं, मग त्याच्यामागून आवाज येतो.

तुम्ही बोर्डाचे ओव्हरसियर. गावोगावच्या शाळा, विहिरी, धर्मशाळा नीट बांधल्या जातात की नाही ते पाहायचं आणि पास करायचं, हे तुमचं काम. सदा तट्टावर बसून फिरतीवर, म्हणून माय आणि मी मामाच्याच गावी राहायचो, मानोऱ्याच्या अलीकडे. तुम्ही घरी येता, टोपी खुंटीला लावता, आणि पाणी पिण्याआधी सैपाकघराच्या भिंतीकडे पाहता. नवं मडकं आणलं की बोटाने वाजवणार. चुलीला नवा लेप दिला की तो वाळेपर्यंत पेटवू देणार नाही. एकदा माय वैतागून म्हणाली, "भाकरी झाकून ठेवू का, का त्याही पास करता?" तुम्ही टोपल्यावरचं फडकं उचललंत, आत पाहिलंत आणि म्हणालात, "झाकायच्या आधी बोलवत जा. झाकल्यावर मले काय दिसते?" माय हसली, मीही हसले. तेव्हा ते हसण्यासारखंच होतं.

दुसरीपर्यंत आम्ही चार-दोन मुली पोरांच्या मागे बसून देवळाच्या ओसरीत शिकलो. पुढे मुलींना पोरांत कोण बसू देतो? मग बोर्डाने मुलींचा वर्ग मंजूर केला. अमरावतीहून मास्तरीणबाई यायची होती, पण पावसाळ्याआधी पक्की खोली तयार असेल तरच. नाहीतर तिला दुसऱ्या गावी देणार. सगळं गाव कामाला लागलं. मामा तर स्वतः पहार घेऊन खड्ड्यात उतरायचा. मी रोज त्या जागेवर जाऊन बसायची आणि माझी बसायची जागा कुठली असेल ते ठरवायची. खिडकीखाली, उगवतीकडच्या कोपऱ्यात. चौथी झाली की मीही मास्तरीण होईन असं मी मायला सांगून ठेवलं होतं, आणि माय ते बायांना सांगत सुटली होती.

तुम्ही निरोप धाडला होता की पाया खणून झाला की तसाच उघडा ठेवा, मी येऊन पाहतो, मग भरा. पण तुमच्या येण्याआधी मुहूर्त आला. जोशीबुवा म्हणाले, असा दिवस पुन्हा लवकर नाही. खणणं पुरतं झालं नव्हतं, खाली घट्ट मुरूम लागला नव्हता, पण मुहूर्ताचा दिवस वाया कोण घालवणार? दगड टाकले, चुना ओतला, हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला. वरून माती लोटून जागा कशी गुळगुळीत करून ठेवली. मामाला वाटलं, भाऊजी आले की खूश होतील. मलाही तसंच वाटलं.

तुम्ही आलात तेव्हा मी तिथेच होते. तट्टावरून उतरून तुम्ही त्या सारवल्यासारख्या मातीकडे पाहत उभे राहिलात. मग म्हणालात, "उघडा."

"पूजा झालेला पाया कोनी उकरते का जी?" मामा म्हणाला. "तुमच्याच पोरीसाठी केलं न, भाऊजी!"

"मुरूम लागला होता का?"

मामा पायाने माती सारखी करू लागला. वाशीमहून आणलेले गवंडीचाचा बाजूला उभे होते, ते हळूच म्हणाले, "मी बोललो होतो साहेब, थोडं सबर करा म्हनून. मुहूर्त निघून जाते म्हने."

एक कोपरा उकरला. नेमका माझा, उगवतीकडचा. तुम्ही पहार घेतलीत आणि दगडाच्या कडेने खाली घातली. ती नुसती आत गेली. खाली सगळी काळी माती. आपल्याकडची काळी जमीन उन्हाळ्यात फाटते, पावसात फुगते, आणि वरची भिंत तिच्याबरोबर हलते, हे गावात कुणाला ठाऊक नव्हतं? अर्ध्या गावाच्या घरांना त्यापायीच भेगा आहेत. पण त्या घरांत माणसं राहतात, बाळंतपणं होतात, म्हातारी माणसं खाटेवर सुखाने मरतात. एका शाळेच्या भिंतीला एक भेग पडली असती तर कुणाचं काय गेलं असतं, हा माझा प्रश्न तेव्हाही होता. तुम्ही म्हणालात, सगळा पाया काढा. बाया तोंडाला पदर लावून पुटपुटल्या. पूजा झालेल्या पायाला पहिला हात लावायला कुणी तयार होईना, तेव्हा पहिला दगड तुम्ही उचललात.

घरी माय तुमच्याशी बोलत नव्हती. तुम्ही पाटावर बसलेले, ताटात भाकरी आणि तुरीच्या डाळीचं वरण. मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले आणि म्हणाले, "बाबा, या खेपेले सोडून द्या न. बाई दुसऱ्या गावी चालली जाईन. मले शिकाचं हाय."

"मले मालूम हाय वं," तुम्ही म्हणालात. बस, एवढंच. मी वाट पाहिली की पुढे काही म्हणाल. तुम्ही वरणात भाकरी कुस्करत राहिलात, आणि ती खाल्ली नाहीतच. आचवून उठलात, टोपी घेतलीत, गेलात.

नवं खणणं पुरं व्हायच्या आत पावसाळा लागला आणि चर पाण्याने भरला. त्यात बेडकं ओरडायची. मास्तरीणबाई दुसऱ्या गावी गेली. पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न लागलं.

शाळा त्यानंतर, मुरूम लागेपर्यंत खणून, उभी राहिली. नागपंचमीला मी माहेरी आले तेव्हा तुम्हीही गावात होता. छप्पर झालं होतं. हात-पाय धुवायच्या जागेपासून निघालेली नाली तेवढी फरशी न घालता उघडी ठेवली होती. गाव आता शिकलं होतं, तुम्ही पाहिल्याशिवाय काही झाकत नव्हतं. नाली विहिरीच्या अंगाने जात होती. एखादा सांधा फुटका असता तर घाण पाणी सगळ्या गावाच्या घागरीत गेलं असतं. तुम्ही मला पाहिलंत आणि म्हणालात, "एक घागर ओत वं बाई." मी हिरवा चुडा घातलेल्या हातांनी घागर ओतली. तुम्ही हात मागे बांधून पाण्याच्या बाजूने सावकाश चालत निघालात, मान खाली घालून, पार शेताच्या बांधापर्यंत. परत आलात आणि पुन्हा म्हणालात, "अजून एक." त्या शाळेत मी केलेलं काम एवढंच. तुमचे डोळे ओले होते असं माय नंतर म्हणायची. मला काही तसं दिसलं नाही. मला तुम्ही थकलेले दिसलात, आणि माझा राग तेवढ्याने गेला नाही.

माहेरी गेले की मी त्या शाळेवरून एक फेरी मारते. कुणी विचारलं तर म्हणते, बाबांची आठवण येते. खरं म्हणजे मी भेग शोधायला जाते. गावात नवी घरं झाली, तीही फाटली; देवळाच्या ओसरीचा खांब कलला. ही खोली मात्र तशीच. दरवेळी उगवतीकडच्या कोपऱ्यापाशी थांबते, वरपासून खालपर्यंत पाहते, आणि काही नाही म्हणून चिडून परत येते. एक भेग मिळाली असती तर म्हटलं असतं, बघा, माझी शाळा घेतलीत आणि तरी भिंत फाटलीच.

काल पोरगी धावत आत गेली आणि खिडकीखाली जाऊन बसली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी बाहेरून फिरून त्या कोपऱ्यापाशी गेले. दोन दिवस धो-धो पाऊस झाला होता, बाजूची जमीन फुगून वर आली होती. नेहमीसारखं पाहायला डोळे वर गेले आणि बाबा, याच भिंतीला लागून आत माझी पोर बसली आहे हे आठवलं. मी भिंतीवरून बोट फिरवलं, गवत बाजूला करून पायथ्याशी बसून पाहिलं, मग तळहात टेकून पाहिलं. आतून पोरींचे पाढे ऐकू येत होते.

भेग नव्हती. मला फार बरं वाटलं. एवढं तुम्हाला कळू नये, म्हणून हे पत्र इथेच, माझ्या पेटीत ठेवते.