शेऱ्याचा रकाना

२ जुलै, बुधवार
शहर स्मार्ट करायचंय म्हणून माहिती घ्यायला एक बाई आली, हातात टॅब. अर्धे रकाने तसेच ओलांडत होती. मला बघवेना. तीस वर्षं जि.प. शाळेत काढली, जनगणनेच्या ड्यूट्या केल्या, एक रकाना कधी कोरा सोडला नाही. म्हटलं, बस, पाणी पी, सगळं भर. भाड्यानं राहणाऱ्या सहाही पोरींना बोलावलं. नाव, गाव, वय, मोबाइल. शेरा राहिला होता, तोही मीच सांगितला: मागील खोलीत डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या मुली, गल्लीतून स्वतंत्र प्रवेश.
"मॅडम, तुमच्यासारखं कुणी सांगत न्हाई बघा." फुगले मी.
जाताना दाराशेजारी काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची पाटी ठोकली. घंटागाडीवाला रोज ती स्कॅन करणार. छान दिसते.

११ जुलै, शुक्रवार
शिवकन्याला कुणाचे तरी फोन येतात. भोकरकडची पोर, सहाजणींत सगळ्यांत हुशार आणि सगळ्यांत गप्प. तिनं सांगितलं नाही, तिच्याच खोलीतल्या प्रतीक्षानं सांगितलं. नाव घेऊन बोलतो म्हणे. नंबर ब्लॉक केला की दुसऱ्यावरून. शि. आज क्लासला गेली नाही. पोट दुखतंय म्हणाली.

१३ जुलै, रविवार
शि.चे वडील हणमंतराव डबा घेऊन आले. भाकरी, शेंगांची चटणी, माझ्यासाठी वेगळी पिशवी. चहा घेत होतो तेवढ्यात तिचा फोन वाजला. त्यांनीच उचलला. ऐकलं, ठेवला.
"नंबर त्या पोरापाशी गेला कसा?"
"म्या कुणालाच दिला न्हाई, अप्पा."
"मग त्याला काय सपनात दिसला?"
पुढच्या रविवारी पोरीला घेऊन जाणार. शिक्षण बास. मी पुष्कळ समजावलं. ते माझ्याशी अदबीनं बोलत राहिले आणि एक शब्द ऐकला नाही.
नंतर स्वयंपाकघरात मीही हळूच विचारलं, खरं सांग, कुणी आहे का? ती कप विसळत राहिली. खरं लिहायचं तर मला अजून शंका आहे.

१५ जुलै, मंगळवार
दुपारी फोन आला. मी म्हटलं, स्पीकरवर टाक. तो हसत होता. "मागच्या खोलीत असतीस ना? गल्लीतून स्वतंत्र प्रवेश हाय की तुमाला."
स्वतंत्र प्रवेश! आमच्या गल्लीत सगळे मागलं दार म्हणतात. हे माझं वाक्य आहे. त्या बाईला सांगितलेलं.
प्रतीक्षाला म्हटलं, ती पाटी तुझ्या फोननं स्कॅन कर. ना पासवर्ड, ना काही. माझं नाव, वय, विधवा. सहा पोरी, सहा नंबर. खाली शेरा, शब्द न् शब्द. रस्त्यानं जाणाऱ्या कुणीही उभं राहावं आणि वाचावं. तळपायाची आग मस्तकात गेली. उलथनं घालून पाटी उचकटली, बोट कापलं. प्रतीक्षानं तेच पान परत उघडलं. तसंच्या तसं. पाटी काढून काही होत नाही.
शि.ची माफी मागितली. ती रडली नाही. "मॅडम, हे अप्पाला दाखवा," एवढंच म्हणाली.

१७ जुलै, गुरुवार
पोलीस ठाण्यात अर्ज दिला. घेतला. मग त्या योजनेच्या ऑफिसात. साहेब म्हणाला, "डाटा एकदम सेफ आहे, मॅडम." मी त्याच्याच टेबलावर पान उघडून ठेवलं. बघितलं. म्हणे, हे कंपनीकडं असतं, वर कळवतो. कंपनी कुठं आहे? माहीत नाही. तक्रार ऑनलाइन करा. तक्रारीच्या फॉर्मात पहिला रकाना काय, तर मोबाइल नंबर!
ओरडले मी. सगळं ऑफिस बघायला लागलं. बघू दे. तर तो शांतपणे, "पण माहिती तुम्हीच दिलीत ना?"
रिक्षात त्याला शिव्या घालत घरी आले. हलकट मेला. आणि खोटं काय बोलला?

२० जुलै, रविवार
हणमंतराव जीप घेऊन आले. मी आधी उचकटलेली पाटी हातात दिली. म्हटलं, तुमच्याच फोननं बघा. चष्मा लावून त्यांनी सगळं वाचलं, पोरीचं नाव दोनदा. मग तिच्या डोक्यावर हात ठेवला. "चुकलो गं माय. तुह्यावर उगंच आळ घेतला."
मला वाटलं, जिंकलो. बॅग परत आत न्यायला मी उठलेसुद्धा.
"मॅडम, पोरीची काहीच चूक न्हाई, पटलं. पण मग तर तिला इथं ठिवताच येत न्हाई. कुणालाबी दिसून राहिलं की, पोर कुठं ऱ्हाती, कोन्या दारानं जाती."
जे दाखवून तिला सोडवलं, त्याच पानानं तिला नेलं. जाताना म्हणाले, हे पुसलं गेलं की दुसऱ्या दिवशी आणून सोडतो, जबान देतो. पुस्तकं इथंच ठेवलीत तिनं. तिच्या गादीवर.

२९ जुलै, मंगळवार
टॅबवाली बाई परत. "तुमची पाटी पडली जनू. नवी लावायची, माहिती परत सांगा." तिला झापलं. ती बिचारी, तिला तरी कुठं माहीत होतं.
जनगणनेत नायगावकडच्या एका म्हातारीनं मला दारातच अडवलं होतं. "पोरींची नावं कशाला पायजेत?" मी तिला खडसावलं होतं, सरकारी कागद आहे, कुठं जातोय? आज मी तशीच दारात उभी.
"घरात कोण कोण?"
"मी एकटी."
आत पाच पोरी मोठ्यानं पाठ करत होत्या. तिनं ऐकलं आणि एकच नाव टाकलं. जुनं पान मात्र तिच्या टॅबातून पुसता येत नाही म्हणाली.

७ ऑगस्ट, गुरुवार
हणमंतरावांच्या फोनात ते पान आहे. रोज सकाळी उघडून बघतात आणि मला फोन करतात. "मॅडम, आज बी हाय." दोन आठवडे झाले हे ऐकून. मीही रोज ऑफिसात फोन करते, रोज वर कळवलेलं असतं.
आज वेगळंच. "मॅडम, आज पान उघडंनाच गेलं. पुसलं वाटतं. उद्या पोरीला घिऊन येऊ का?"
मागून शि.चा आवाज, "अप्पा, मॅडमला विचारा ना, पुसलं का?"
मी प्रतीक्षाचा फोन घेतला. लगेच उघडलं. सहा नावं, सहा नंबर, शेरा. त्यांच्या गावातलं नेट गेलं असणार, दुसरं काही नाही.
मी म्हणाले, दहा मिनिटांनी सांगते.
पाऊण तास झाला. त्यांचे दोन फोन येऊन गेले.