खंदकातले श्रोते

खमरिया, सप्टेंबर १९६५

सौ. कुंदाताईस,
बंडूचा इथूनच नमस्कार.

हे पत्र मी टाकणार नाही. तू ते भाऊजींना वाचून दाखवशील आणि ते नागपूरभर सांगत सुटतील.

यंदा आमच्या दारूगोळ्याच्या कारखान्याच्या क्वार्टर्समधल्या गणपतीसाठी मी आजोबांचे नगाऱ्याचे बोल घेऊन भेडाघाटच्या धुवांधार धबधब्यावर एक रचना बसवली. नगारा माझा, दोन ढोलक्या आणि कारखान्यातल्या दोस्तांची पत्र्याची पिंपं. तालमीत ढोलकीवाला मुरलीधर म्हणाला, "भैया, खरंच पाणी पडून राहिलं असं वाटते." मी फुगलो.

संध्याकाळी मंडप भरला. आधी बारीक घरघर झाली, मग पाणी कड्यावरून कोसळतं तिथे सगळ्यांनी मिळून पिंपं बडवली. मी डोळे मिटून वाजवत होतो. कोणीतरी ओरडलं, "बम गिरा!" लढाईचे दिवस, लोक तरी काय करतील? डोळे उघडले तर मंडळाचे अध्यक्ष हवाई हल्ल्यासाठी खणलेल्या खंदकात, श्रोते खंदकात, माझे ढोलकीवालेही खंदकात.

आई तेवढी खुर्चीवर बसून होती.

"तू काहून नाही पळाली?"

"मामंजींचे बोल मला ओळखू येत नाहीत काय? पण कोसळायच्या आधी ते जरा थांबायचे. तू घाई करून राहिला. पुन्हा वाजव."

एकट्यानेच वाजवलं, थांबून. संपलं तेव्हा आई पदराने डोळे पुसत होती.

तेवढ्यात खंदकातून अध्यक्षांचा आवाज आला, "पंडितजी, हो गया हो तो हम निकलें?"

तुझा,
नगारेवाल्यांचा बंडू