वेणूच्या कथेचा शेवट आणि माझी इतर मिळकत

मी, नीला पद्माकर देवस्थळी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा लेखन, राहणार द्वारका, नवी दिल्ली, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, माझ्या भाषेत आणि कुणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. शरीराबद्दल त्यांनी तसा दाखला दिलेला नाही. येता उन्हाळा मी बघेन असं ते म्हणत नाहीत आणि मीही त्यांना खोदून विचारत नाही. यापूर्वी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही.

वकिलांनी हिंदीत मसुदा करून आणला होता. तो मी परत केला. "आंटी, विल में नॉवेल कौन लिखता है?" असं ते म्हणाले. मी लिहिते. त्यांना हवं तर त्यांनी याचा हिंदी तर्जुमा करून मागे टाचावा.

कलम १. घर. द्वारकेतली ही सदनिका माझे यजमान कै. पद्माकर यांच्या पश्चात माझ्या एकटीच्या नावावर आहे. ती मी माझी मुलगी पद्मजा हिला देते. ती आणि तिची मुलगी शिवांजली गेली नऊ वर्षं इथेच राहत आहेत. माझा मुलगा साकेत याचं फरीदाबादला स्वतःचं घर आहे. बँकेत जे काही असेल ते त्याला मिळेल. साकेत, तू यावर काही बोलणार नाहीस हे मला ठाऊक आहे, पण तोंड पाडून बसशील, तेही करू नकोस. बहिणीकडे महिन्यातून एकदा ये, आणि आलास की फोनमध्ये डोकं घालून बसू नकोस.

कलम २. लिहिण्याचं सामान. मांडीवर घेऊन लिहायची फळी, शब्दकोश आणि खिडकीजवळची वेताची खुर्ची शिवांजलीला. विमानं डोक्यावरून इतकी खाली जातात की त्या खुर्चीत बसून काही लिहिणं सोपं नाही. मी सात कादंबऱ्या लिहिल्या, तेव्हा ती सबब चालणार नाही.

कलम ३. कादंबऱ्यांचे हक्क. माझ्या सातही कादंबऱ्या तेरा ते सतरा वयाच्या मुलींसाठी आहेत. इतिहास आणि प्रेम असं त्यांचं मिश्रण आहे. मोठी माणसं त्यांना नाकं मुरडतात आणि मुलगी झोपली की स्वतः वाचून काढतात. या सर्वांचे हक्क मी शिवांजलीला देते. ती सज्ञान होईपर्यंत ते या मृत्युपत्राच्या व्यवस्थापकाने सांभाळायचे आहेत. व्यवस्थापक कोण, ते पुढे सांगते. ते नाव वाचून आमच्या मराठी मंडळातल्या पुष्कळांच्या हातातला कप खाली पडेल.

मी कशी लिहीत होते तेही नोंदवून ठेवते. मंडळाच्या रविवारच्या मराठी वर्गात प्रत्येक प्रकरण मी आधी मुलींना वाचून दाखवत असे. या मुली दिल्लीत वाढलेल्या. घरात मराठी, जिन्यात हिंदी. ज्या शब्दाला त्यांचे डोळे कोरे व्हायचे तो मी काढून टाकायची. पडवी गेली, परवचा गेला, उंबरठा मात्र मी हट्टाने ठेवला. पण मुली ऐकत होत्या. गोष्ट संपली की "अच्छा, मग पुढे?" असं विचारत होत्या. मला एवढंच हवं होतं.

कलम ४. श्री. नरसिंह कानविंदे यांच्याविषयी. हे आमच्या मंडळातले निवृत्त इतिहासशिक्षक. माझ्या 'वेणू आणि स्वार' या कादंबरीचं प्रकाशन झालं त्याच दिवशी त्यांनी भर सभेत उभं राहून चूक काढली. त्या कादंबरीत वेणू ही पानिपतच्या छावणीतल्या, कोठीवरच्या कारकुनाची सोळा वर्षांची मुलगी. लढाईच्या सकाळी, संक्रांत म्हणून, ती येसाजी नावाच्या तरुण स्वाराच्या हातावर तिळाचा अर्धा लाडू ठेवते आणि म्हणते, "उरलेला परत आल्यावर." इथेच पुस्तक संपतं. येसाजी परत येतो की नाही, ते मी लिहिलं नाही.

नरसिंहराव म्हणाले, "बाई, त्या साली संक्रांत लढाईच्या काही दिवस आधीच होऊन गेली होती. आपण आज चौदा जानेवारीला संक्रांत करतो म्हणून तेव्हाही चौदालाच असणार, असं नसतं." सभागृहात कुणाला हे ठाऊक नव्हतं. आम्ही दिल्लीची मराठी माणसं दर वर्षी लढाईच्या दिवशी, चौदा जानेवारीला, सकाळी बस करून पानिपतच्या काला अंबला जातो, स्मारकापुढे उभं राहतो, आणि संध्याकाळी घरी येऊन तिळगूळ वाटतो. दोन्ही एकाच दिवशी येतं, तेव्हा ते एकच आहे असं आमच्या मनाने धरलं होतं. माझी फजिती झाली. मी पुढच्या आवृत्तीत काही बदललं नाही आणि नरसिंहरावांशी बोलणं सोडलं. त्यांनीही माघार घेतली नाही. आजवर आम्ही काला अंबच्या बसमध्ये एकमेकांकडे पाठ करून बसतो.

कलम ५. राजवीरविषयी. माझे जावई मेजर राजवीर हे साताऱ्याकडच्या एका गावातले, घरातले पहिले अधिकारी. बोलायला मोजके, जेवायला भरपूर. पद्मजाने 'वेणू आणि स्वार' चौदाव्या वर्षी वाचली होती. लग्नानंतर राजवीर सुट्टी संपवून निघाले की ती तिळाचा लाडू अर्धा करून त्यांच्या हातावर ठेवायची आणि वेणूचं वाक्य म्हणायची. राजवीरना हसू यायचं, पण लाडू ते खायचे. नऊ वर्षांपूर्वी, संक्रांतीनंतरच्या महिन्यात, त्यांच्या चौकीवर बर्फाचा कडा कोसळला. बरोबरचे जवान सापडले. राजवीर सापडले नाहीत.

लष्कराने त्यांना मृत ठरवून आपल्या बाजूने सगळं पूर्ण केलं. पद्मजाने केलं नाही. तिने मंगळसूत्र काढलं नाही, दिवस घातले नाहीत, फोटोला हार घालू दिला नाही. तो उरलेला अर्धा लाडू ती दर संक्रांतीला नवा करते आणि स्टीलच्या डबीत ठेवते. शिवांजलीने तो खायचा नाही. "बाबा आल्यावर", एवढंच. आणि या घरात राजवीरविषयी भूतकाळात बोलायचं नाही, हे कुणी न सांगता ठरून गेलं. साकेत आला की तोही "जिजाजी अमुक करतात, तमुक म्हणतात" असं बोलतो. आम्ही सगळे मूग गिळून बसलो.

लोक माझ्या पाठीमागे म्हणतात, आईच्या पुस्तकाने मुलीला वाट बघायला लावलं. मी ते मान्य करत नाही. बर्फाने माझं पुस्तक वाचलं नव्हतं. पद्मजा वाट बघते कारण तिचं त्यांच्यावर फार प्रेम आहे, आणि त्यासाठी तिला माझी गरज नव्हती.

कलम ६. या संक्रांतीला काय घडलं. हे कलम वकिलांना अनावश्यक वाटलं. सगळ्या मृत्युपत्राचं कारण हेच आहे.

शिवांजली आता पंधरा वर्षांची आहे. तिने या हिवाळ्यात ओळीवर बोट ठेवून ठेवून 'वेणू आणि स्वार' वाचली. तिने वाचलेलं ते पहिलंच मराठी पुस्तक. संक्रांतीच्या संध्याकाळी ती स्वयंपाकघरात आली. पद्मजा लाडू फोडत होती.

"आजी, येसाजी परत येतो का?"

"तसं लिहिलेलं नाही ना," पद्मजा म्हणाली, "म्हणजे येऊ शकतो."

"मम्मा, तुला नाही विचारलं. रायटर ही आहे."

पद्मजाचे हात थांबले. मी म्हटलं, "आधी लाडू खा, बेटा," आणि उठून दूध गॅसवर ठेवलं.

नंतर शिवांजली माझ्या खुर्चीशी येऊन बसली. तिचं बोलणं तसंच्या तसं लिहिते. "आजी, माझ्या क्लासमध्ये एका मुलीचे पापा गेले. ती तेरा दिवस आली नाही. सगळ्यांनी तिला नोट्स दिल्या, मॅमनी जवळ घेतलं. मला कधी कुणी काही नाही बोललं, कारण आमच्याकडे तर काही झालंच नाही ना. मला बाबांचा आवाज पण नीट आठवत नाही. मला एकदा बिल्कुल नीट रडून घ्यायचंय, यार. सगळ्यांचं होऊन जातं, माझंच पेंडिंग आहे."

मी तिच्या केसांतून हात फिरवला. बाहेर पद्मजा भांडी आवरत होती. त्या मुलीने सहा वर्षांची असल्यापासून आईसाठी रडू धरून ठेवलं आहे, हे मला त्या दिवशी कळलं, आणि त्यानंतर मला नीट अन्न गेलेलं नाही.

कलम ७. व्यवस्थापक. या मृत्युपत्राचे व्यवस्थापक म्हणून मी श्री. नरसिंह कानविंदे यांची नेमणूक करते. त्यांचं माझं पटलं नाही. पण उभ्या आयुष्यात त्यांनी कुणाला बरं वाटावं म्हणून एक तारीख इकडची तिकडे केलेली नाही, आणि मला आता तसाच माणूस हवा आहे. मी त्यांना फोन केला. ते म्हणाले, "म्हणजे संक्रांतीचं तुम्ही मान्य करताय तर." मी म्हटलं, "करते." त्यांनी जबाबदारी घेतली. आवाज मात्र जिंकल्यासारखा नव्हता.

कलम ८. वेणूच्या कथेचा शेवट. एक निर्माते गेले वर्षभर मला फोन करत आहेत. "मॅम, हीरो को वापस ले आइए, सेकंड सीज़न बन जाएगा." त्यांना आणि त्यांच्यासारख्या सर्वांना हे कलम बंधनकारक राहील. 'वेणू आणि स्वार'च्या शेवटच्या प्रकरणातला लाडवाचा प्रसंग रद्द समजावा आणि यापुढे प्रत्येक आवृत्तीत, भाषांतरात किंवा पडद्यावर त्या जागी पुढील मजकूर यावा. येसाजीला परत आणण्याचा हक्क मी कुणालाही देत नाही.

"संक्रांत होऊन गेली होती. छावणीत दाणा उरला नव्हता, तर तीळ कुठून येणार? त्या सकाळी वेणूची आणि येसाजीची भेट झाली नाही. तो अंधारातच घोडा घेऊन गेला होता आणि ती वडिलांसाठी पाणी शोधत होती. दोघांनाही वाटलं, संध्याकाळी बोलू. दुपारनंतर माणसं पळू लागली. वेणू वडिलांचा हात धरून पळाली. येसाजी परत आला नाही. त्याला पडताना पाहिलेला कुणी तिला भेटला नाही, आणि जिवंत पाहिलेलाही भेटला नाही. कित्येक महिन्यांनी ती त्याच्या गावी पोचली. त्याच्या आईने विचारलं, 'दिसला का गं?' वेणू म्हणाली, 'नाही. पण तो गेला, आई.' हे पहिल्यांदा कुणीतरी मोठ्याने म्हणालं होतं. दोघी उंबरठ्यावर बसून रडल्या. शेजारणीने त्यांची चूल पेटवली, भात टाकला आणि दोघींना जवळ बसून जेवायला घातलं. वेणू पुढे पुष्कळ वर्षं जगली. तिला येसाजीची आठवण यायची, आणि तिला भूकही लागायची."

कलम ९. शिल्लक प्रती. माझ्या पलंगाखाली 'वेणू आणि स्वार'च्या प्रतींचे खोके आहेत. त्यांत वरचा मजकूर छापून चिकटवावा आणि पुढच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून त्या लुटाव्यात. वाण पद्मजाने स्वतःच्या हाताने द्यावं, आणि तिने स्वतःला काहीही म्हणवून घेतलं तरी कुंकवाची कोयरी तिच्याच हातात राहावी. ज्या बाईला तिच्या हातून कुंकू घ्यायला संकोच वाटेल तिला चहा द्यावा, पुस्तक देऊ नये.

कलम १०. पद्मजासाठी. तू वाट बघणं सोड असं मी लिहीत नाही. तुझ्या मनावर मृत्युपत्र चालत नाही. तू रागावशील, हे पान फाडावंसं वाटेल. फाडलंस तरी नोंदलेली प्रत कचेरीत राहील, आणि नरसिंहराव फार चिवट आहेत. मला तुझी फार काळजी वाटते, बाळा. ती कुणाच्या नावावर करून जावी हे मला कळत नाही.

कलम ११. शिवांजलीसाठी. हे कलम व्यवस्थापकांनी माझे दिवस झाल्यानंतर, पद्मजाच्या समोर, मोठ्याने वाचावं. माझ्यासाठी घरात सगळे रडतील, तेव्हा तुलाही कुणी अडवणार नाही, आणि तुझ्या रडण्यात कोण किती आहे ते कुणी विचारणार नाही. पण मला तसं चोरून नको आहे. म्हणून सांगते. शिवांजली, तुझे बाबा गेले. तू सहा वर्षांची होतीस तेव्हाच गेले. ते येणार नाहीत. आता रड, बेटा. वेगळ्या खोलीत जाऊ नकोस, आईला धरून रड.

हे मृत्युपत्र मी स्वतः लिहिलं, स्वतः वाचलं आणि खालील दोन साक्षीदारांसमोर सही केली. त्यांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या. दोघांपैकी कुणालाही यातून काही मिळणार नाही.

सही: नीला पद्माकर देवस्थळी

साक्षीदार १: डॉ. मयुरा आशय टिपणीस, शेजारी, द्वारका

साक्षीदार २: नीरज बत्रा, सोसायटीचे सचिव, द्वारका (मजकूर हिंदीत समजावून घेऊन सही केली)

ठिकाण: द्वारका, नवी दिल्ली
दिनांक: १९ जानेवारी २०२६